हरवलेली ठिणगी

पंचवटींतून दिंडोरी रस्त्यानें किंवा पेठ रस्त्यानें जातांना कडेला एखादा जुना ट्रक उभा आहे, त्याचें बॉनेट उघडें आहे, आणि भोंवतीं चार माणसें उभीं राहून पांच निरनिराळीं मतें देत आहेत, हा देखावा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं पाहिला असेलच. एक म्हणतो, "पेट्रोल येत नाहीं". दुसरा म्हणतो, "करंट नाहीं". तिसरा कांहींएक न बोलतां हातांतील पान्यानें सांपडेल तो नट सैल करूं लागतो. अशा वेळीं ट्रक सुरू झाला तर तो कशामुळें झाला हें कोणास कळत नाहीं. आणि न झाला तर कोणावर तरी दोष ठेवून मंडळी मोकळी होते. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकांत ठिणगी कशी उत्पन्न होते, ती कोठें कोठें हरवते, व तिचा शोध क्रमानें कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय यंत्राचा आहे खरा. तथापि त्यांत एका निरपराध मुलावर आलेला आळ गुंतलेला आहे. सबब ज्यांना यंत्राची गोडी नाहीं अशा वाचकांनींही तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची ही गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गांत पंचवटींतील एका मंडपवाल्याचा मुलगा होता. घरीं आजोबांच्या वेळेपासूनचा सहा सिलिंडरांचा एक पेट्रोल ट्रक होता. वांसे, कनाती, सतरंज्या व मोठीं भांडीं त्यांतून लग्नघरीं पोंचवावयाचीं, हा त्या घराचा धंदा. मुलास यंत्राचा फार नाद. एका रविवारीं त्यानें हौसेनें इंजिन पाण्यानें धुतलें, तारा पुसल्या, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून आंत पाहिलें, व ती पुन्हां जागच्या जागीं बसविली. पुढील बुधवारीं तोच ट्रक लग्नाचें सामान घेऊन वणीकडे जात असतां दिंडोरीच्या पुढें एका चढणीवर बंद पडला. अर्ध्या तासानें आपोआप सुरू झाला, कांहीं मैल गेला, आणि पुन्हां बंद पडला. सामान पोंचलें तेव्हां मुहूर्त टळून गेला होता. ठरलेले पैसे तर बुडालेच, शिवाय चार माणसांत घराचा शब्द गेला. "पोरानें पाणी घालून गाडी बिघडविली," असा निकाल बापानें त्याच रात्रीं दिला.

पुढें तीन महिन्यांत दोन मिस्त्री झाले, कॉइल दोनदां बदलली, सहाही प्लग नवे आले. परंतु खोड होती ती तशीच राहिली. अखेर ट्रक भंगारांत घालावा, आणि मुलानें शाळा सोडून दुसऱ्याच्या मंडपावर कामास जावें, असें घरांत बोलणें निघालें. मुलगा वर्गांत मान खालीं घालून बसूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें. बराच वेळ तो कांहीं बोलेना. मग एवढेंच म्हणाला, "सर, मीं खरोखर बिघडविला कीं काय, हें मलाच कळत नाहीं." या प्रश्नाचें उत्तर त्यास मिळवून देणें हें आम्हांस आमचें कर्तव्य वाटलें. त्या उत्तराकडे जाण्यापूर्वीं यंत्राची थोडी ओळख करून घेऊं.

पेट्रोल इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं एक ठिणगी. चुलींत लांकडें रचलीं, फुंकणीनें वारा घातला, पण काडी लावली नाहीं तर चूल पेटत नाहीं. इंजिनाचेंही तसेंच आहे. मात्र चुलीस दिवसांतून दोनदां काडी पुरते. आणि सहा सिलिंडरांचें इंजिन मिनिटास दोन हजार फेरे घेत असेल, तर त्यास दर फेऱ्यास तीन याप्रमाणें मिनिटास सहा हजार, म्हणजे सेकंदास शंभर ठिणग्या लागतात. त्यांतील प्रत्येक ठिणगी योग्य सिलिंडरांत व योग्य क्षणींच पडली पाहिजे.

आतां अडचण अशी कीं, ट्रकाच्या बॅटरीचा विजेचा दाब केवळ बारा व्होल्ट, कांहीं फार जुन्या गाड्यांत तर सहाच व्होल्ट, असतो. प्लगच्या टोंकांमधील फट एक मिलिमीटरहूनही कमी असते. तरी दाबलेल्या मिश्रणांतून ती ओलांडण्यास दहा ते वीस हजार व्होल्ट लागतात. बारांचे वीस हजार करण्याचें काम कॉइल करते. तिच्या पोटांत लोखंडी पट्ट्यांचा गाभा असतो. त्यावर जाड तारेचे कांहीं शें वेढे आणि केंसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे गाभ्याभोंवतीं चुंबकशक्ति जमते. तो प्रवाह एकाएकीं तोडला कीं ती शक्ति मावळते, आणि मावळतां मावळतां बारीक तारेंत प्रचंड दाबाची वीज उत्पन्न करते. चुंबकशक्ति बदलली म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लाविला, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पाटांतून वाहणारें पाणी एकदम फळी टाकून अडविलें तर तें उसळून बांधावर येतें, हें मळ्यांत वाढलेल्या मुलांनीं पाहिलें असेल. प्रवाह हळूहळू थांबविला तर उसळी नाहीं, एकदम थांबविला तरच उसळी. हें तत्त्व येथें लक्षांत ठेवावें.

प्रवाह जोडण्याचें व तोडण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहानशा धातूच्या टिकल्या करतात. त्यांस आपले मिस्त्री सी. बी. पॉइंट म्हणतात. मधला खांब इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. त्यावर सहा कोन असतात, आणि प्रत्येक कोन येतांच पॉइंट उघडतो. पॉइंट उघडला कीं कॉइलमधून उसळी येते, ती जाड रबरी तारेनें टोपीच्या मध्यभागीं जाते, तेथून फिरत्या रोटरवर येते, आणि रोटर ज्या सिलिंडरासमोर असेल त्याच्या प्लगकडे ती रवाना होते. पॉइंटाच्या शेजारीं बोटाच्या पेराएवढी एक डबी असते, तिचें नांव कंडेन्सर. पॉइंट उघडतांना तेथेंच ठिणगी उडून शक्ति वायां जाऊं नये म्हणून ही डबी ती उसळी क्षणभर आपल्या पोटांत घेते, आणि त्यामुळें प्रवाह झटकन् तुटतो. ती अगदीं स्वस्त वस्तु आहे. परंतु तिच्यावांचून वीस हजार व्होल्टांचा सगळा डोलारा कोसळतो.

ही सर्व योजना मुख्यतः अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या इंजिनियरची. त्याच्या कंपनीचें संक्षिप्त नांव 'डेल्को' होतें. आणि कित्येक जुने मिस्त्री आजही डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात, तें त्यावरूनच. सुमारें १९१० सालीं कॅडिलॅक मोटारींत बसविलेली ही योजना पुढें साठ वर्षांहून अधिक काळ जगभर चालली. आपल्याकडे जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, व तेव्हांपासून शेव्हरोले ट्रक या प्रांतांत पसरले. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, व कुर्ला येथील कारखान्यांतून डॉज व फार्गो हे ट्रक बाहेर पडूं लागले. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धांवली. त्या आरंभींच्या काळांत एस. टी.च्या ताफ्यांत शेव्हरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या. पुढें १९५४ पासून टाटा कंपनीचे डिझेल ट्रक जमशेदपुराहून येऊं लागले. डिझेल इंजिनांत हवाच इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनें इंधन आपोआप पेटतें. तेथें प्लग नाहीं, कॉइल नाहीं, ठिणगी नाहीं. त्यामुळें पेट्रोल ट्रक मागें पडले, आणि जे थोडे उरले ते हौशी लोकांकडे किंवा जवळपासची वाहतूक करणाऱ्या घरांत राहिले. आमच्या विद्यार्थ्याचा ट्रक त्यांपैकींच एक होता.

आतां शोधाचा क्रम सांगतों. परंतु त्याआधीं सावधगिरीच्या चार गोष्टी. ट्रक सपाट जागीं उभा करून गियर न्यूट्रलमध्यें ठेवावा, हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावे. शर्टाच्या मोकळ्या बाह्या, उपरणें किंवा ओढणी फिरत्या पंख्याजवळ जाऊं देऊं नये. पेट्रोलचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत ठिणगीची परीक्षा करूं नये. विडी-सिगारेट तर दूरच ठेवावी. बॅटरीवर वांकूं नये, कारण तींतून निघणारा वायु पेटणारा असतो. आणि मुलांनीं हें काम वडील माणूस जवळ असल्याखेरीज करूं नये.

पहिला प्रश्न असा विचारावा: उणीव इंधनाची आहे कीं ठिणगीची? हा एक प्रश्न न विचारल्यामुळें निम्मे लोक कार्बुरेटर उगाच उघडतात. कॉइलमधून टोपीकडे जाणारी जाड तार टोपींतून काढावी, कोरड्या व रबरी मुठीच्या पकडीनें धरावी, आणि तिचें टोंक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून करंगळीच्या निम्म्या रुंदीएवढें, म्हणजे पांच-सहा मिलिमीटर, दूर ठेवून दुसऱ्यास सेल्फ मारण्यास सांगावें. ही परीक्षा कार्बुरेटरपासून शक्य तितकी दूर करावी, व तार फार दूर धरूं नये, नाहींतर वीज वाट न मिळून कॉइलच्या आंतच फुटते. निळसर, जाड व कडकड वाजणारी ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सर्व ठीक आहे. पिंवळी, बारीक व अडखळणारी ठिणगी असेल तर कोठें तरी अशक्तपणा आहे. मुळींच ठिणगी नसेल तर वाट कोठें तरी तुटली आहे.

ठिणगी नसेल तर बॅटरीपासून आरंभ करावा. सेल्फ मारतांना दिवे अगदींच मंद होतात काय? बॅटरीच्या टोंकांवर पांढरी किंवा हिरवट बुरशी चढली आहे काय? तसें असेल तर तीं टोंकें गरम पाण्यानें व खाण्याच्या सोड्यानें साफ करून घट्ट आवळावीं. बॅटरीची इंजिनाशीं जोडलेली अर्थची पट्टी सैल असल्यामुळेंही कित्येक ट्रक उभे राहिले आहेत. याप्रमाणें मूळ पक्कें झालें म्हणजे एक लहानसा दिवा व दोन तारा घ्याव्या. दिव्याचें एक टोंक इंजिनाच्या लोखंडास लावावें, आणि स्विच चालू करून दुसरें टोंक एकेका ठिकाणीं लावीत जावें. स्विचकडून कॉइलकडे येणाऱ्या टोंकास दिवा लागला नाहीं तर दोष स्विचांत किंवा त्याच्या तारेंत आहे. तेथें लागला, तर तो कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोंकास लावावा व इंजिन सेल्फवर फिरवावें. पॉइंट उघडतां-मिटतां दिवा लुकलुकला पाहिजे. तो सारखा जळत राहिला तर पॉइंट जुळत नाहींत, त्यांवर तेल वा गंज आहे, किंवा आंतली बारीक तार तुटली आहे. तो मुळींच लागला नाहीं, तर ती तार कॉइलवरून सोडावी व दिवा पुन्हां त्याच टोंकास लावावा. आतां तो लागला तर डिस्ट्रिब्यूटरच्या आंत वीज लोखंडाला मिळते आहे. तरीही न लागला तर कॉइलचीच तार आंत तुटली आहे. पाहा, एका दिव्यानें चार दोष वेगळे झाले, आणि एकही भाग विकत आणावा लागला नाहीं!

पॉइंटांची फट पत्र्याच्या मापानें, ज्यास फीलर गेज म्हणतात, मोजावी. बहुतेक जुन्या सहा सिलिंडरी ट्रकांत ती ०·३५ ते ०·४५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावा. फट कमी झाली तर प्रवाह झटकन् तुटत नाहीं. जास्त झाली तर चुंबकशक्ति जमण्यास वेळ पुरत नाहीं. पॉइंट एकसारखे झिजले तर वयोमान समजावें. परंतु ते वारंवार जळून निळे पडत असतील व त्यांवर खळगा आणि उंचवटा येत असेल, तर त्यांना घासून स्वस्थ बसूं नये. ते स्वतः रोगी नसून रोगाचें लक्षण दाखवीत आहेत.

कॉइलची ठिणगी चांगली, पण इंजिन तरी अडखळतें, असें असेल तर टोपी उघडावी. तिच्या आंत केंसासारखी भेग किंवा पेन्सिलीनें ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर वीज त्या चोरवाटेनें पळते आहे. मधला कोळशाचा लहानसा खडा झिजला आहे काय, रोटर फुटला आहे काय, हेंही पाहावें. आमच्या नाशकांत पावसाळ्याच्या ओल्या हवेंत व थंडीच्या दिवसांत पहाटेच्या दंवानें टोपी आंतून ओली होते. अशा वेळीं कोरड्या फडक्यानें पुसणें हाच उपाय. शेवटीं प्लग पाहावे. फिकट तपकिरी असेल तर सर्व क्षेम; कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतें; तेलकट असेल तर इंजिनांत तेल वर चढतें; पांढरा फटफटीत असेल तर इंजिन अति तापतें किंवा मिश्रण पातळ आहे. तारा काढल्या असतील तर परत लावतांना क्रम चुकूं नये. सरळ रांगेच्या बहुतेक सहा सिलिंडरी इंजिनांत तो १–५–३–६–२–४ असा असतो. क्रम चुकला तर कार्बुरेटरमधून भडके येतात.

आतां आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. एका शनिवारीं दुपारीं वर्गांतील चार मुलें बरोबर घेऊन आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडिलांनीं आदरानें खाटेवर बसविलें, चहा दिला, पण मनांतील शंका लपविली नाहीं. "मास्तर, पुस्तकांतली वीज निराळी, अन् गाडींतली निराळी," असें ते म्हणाले. आम्हीं म्हटलें, "भाऊ, निराळी असेल तर आज कळेल. एक दुपार आम्हांस द्या."

थंड इंजिनावर आम्हीं वरील क्रमानें सर्व परीक्षा केल्या. बॅटरी उत्तम, दिवा लुकलुकला, ठिणगी निळी, टोपी कोरडी व बिनभेगेची. पॉइंट मात्र बरेच जळलेले होते. ते प्रत्येक खेपेस घासून दिल्याचें वडिलांनीं सांगितलें. याखेरीज कांहींच सांपडलें नाहीं; आणि सांपडणार तरी कसें? ट्रक त्या वेळीं आजारी नव्हताच. तीन महिने मिस्त्र्यांची गफलत हीच झाली होती. ट्रक ओढून गॅरेजांत नेईपर्यंत तो निवे, आणि निवला म्हणजे बरा होई. बऱ्या माणसाची नाडी पाहून तापाचें निदान करण्यापैकींच हा प्रकार होता.

म्हणून आम्हीं इंजिन सुरू करून तें वेगानें चालत ठेवलें. पाऊण तास झाला. कांहीं मुलें कंटाळून आंगणांत गोट्या खेळूं लागलीं. इतक्यांत इंजिन दोन-तीनदां खोकलें आणि बंद पडलें. वडील लगबगीनें ओलें फडकें घेऊन आले व पेट्रोल पंपावर टाकूं लागले. कारण उन्हांत पेट्रोलची वाफ होऊन ती नळींत अडते, असें त्यांस कोणीं सांगितलें होतें. ही गोष्ट खोटी नव्हे. तसें पुष्कळदां होतें. परंतु आम्हीं त्यांस थांबवून प्रथम कार्बुरेटरचें झांकण काढलें व हातानें ॲक्सिलरेटर दाबून दाखविला. पेट्रोलची धार व्यवस्थित पडली. तेव्हां झांकण परत बसवून पेट्रोलचा वास पूर्ण जाऊं दिला आणि मग ठिणगी पाहिली. आधींची निळी ठिणगी आतां पिंवळी, मरगळलेली, दिसेल न दिसेल अशी झाली होती. इंधन आहे, ठिणगी नाहीं, इतकें निश्चित झालें. दिवा लावून पाहिला. तो पूर्वींप्रमाणेंच लुकलुकत होता. म्हणजे बॅटरी, स्विच, तारा व पॉइंट यांतून वाट चालू होती. राहिल्या दोनच वस्तु: कॉइल व कंडेन्सर.

येथें आमचीही चूक सांगितली पाहिजे. हात लावतांच चटका बसावा इतकी कॉइल तापली होती, म्हणून आम्हांस तिचाच संशय आला व तसें आम्ही बोलूनही गेलों. तेव्हां तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, ती दोनदां बदलली आहे. दोन्ही नव्या कॉइली सारख्याच कशा बिघडतील? आणि पॉइंट सारखे जळतात, त्याचें काय?" मुलाचें म्हणणें खरें होतें. पंचवटी कारंज्याजवळच्या एका दुकानदाराकडून त्या मापाचा एक चांगला कंडेन्सर आम्हीं आधींच मागून आणला होता. कॉइल तशीच गरम असतां केवळ तेवढी डबी बदलली, आणि सेल्फ मारतांच निळी ठिणगी कडाडली! सर्व मुलें टाळ्या पिटूं लागलीं. परंतु आम्हीं त्यांस गप्प केलें. कारण एकदां झालेली गोष्ट योगायोगानेंही होते. जुना कंडेन्सर पुन्हां बसविला; ठिणगी पुन्हां पिंवळी. नवा पुन्हां बसविला. ठिणगी पुन्हां निळी. मग मात्र शंकेस जागा उरली नाहीं. जुन्या डबींतील आवरण उष्णतेनें निकामी होत होतें, निवलें म्हणजे पुन्हां काम देत होतें. आणि पॉइंट जळत होते ते त्यामुळेंच.

आतां मुख्य प्रश्न: मुलाच्या पाण्यानें हें झालें काय? याचें उत्तर दोषाच्या वागणुकींतच होतें. पाण्यानें ठिणगी हरवली असती, तर ट्रक गार व ओला असतां अडला असता, आणि इंजिन तापून पाणी सुकल्यावर सुरळीत चालला असता. येथें प्रकार नेमका उलटा होता. शिवाय रविवारचें पाणी बुधवारपर्यंत, तेंही उन्हाळ्यांत, टिकत नाहीं. रविवारीं धुणें व बुधवारीं बंद पडणें या दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, म्हणून एक दुसरीचें कारण झाली असें होत नाहीं. आम्हीं हें वडिलांस समजावून सांगितलें. ते बराच वेळ त्या एवढ्याशा डबीकडे पाहत राहिले. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, मीं उगीच तुला बोललों." मुलगा रडूं लागला, तीन महिन्यांत तो प्रथमच रडला असें त्याच्या आईनें मागाहून सांगितलें.

तो ट्रक त्यानंतर पुष्कळ लग्नांस वेळेवर पोंचला, आणि मुलानेंही शाळा पुरी केली. आजच्या मोटारींत पॉइंटही नाहींत आणि ही डबीही नाहीं; ठिणगीची वेळ आतां इलेक्ट्रॉनिक यंत्र ठरवितें. तरी सी. एन. जी.वर धांवणाऱ्या ज्या मालगाड्या आपण नाशकांत रोज पाहतों, त्यांत प्लग व कॉइल आहेतच. नाशकाच्या मुलांस तर हा विषय परका नसावा. सातपूरला मायकोचा, म्हणजे २००८ पासून बॉश या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा, कारखाना आहे, व डिझेल इंजिनाचे बारीक भाग तेथें होतात. याच बॉशच्या जर्मनींतील मूळ कारखान्यांत १९०२ सालीं मोठ्या दाबाची ठिणगी देणारें मॅग्नेटो तयार झालें होतें.

परंतु यंत्रें बदललीं तरी शोधाची रीत बदलत नाहीं. दोष दिसत असेल त्या वेळीं तपासावें. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. लक्षणास कारण समजूं नये. आणि जें सिद्ध झालें नाहीं तें कोणाच्या माथीं मारूं नये. प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यांतील त्या बाईचें एक नाणें हरवलें, तेव्हां तिनें शेजारणीवर आळ घेतला नाहीं; दिवा लाविला, घर झाडलें, आणि सांपडेपर्यंत शोध केला. आमच्या विद्यार्थ्यांनीं ट्रकापाशीं असोत, प्रयोगशाळेंत असोत किंवा घरांत असोत, हरवलेल्या वस्तूचा शोध असाच करावा. आणि त्यांच्या पालकांस आमची नम्र विनंती आहे कीं, मुलानें हौसेनें एखादें यंत्र उघडलें व पुढें तें बिघडलें, तर निकाल देण्यापूर्वीं एक दिवा लावून पाहावा.